दोन वर्षांची चांगली वर्तणूक

फडक्यावर मेथीच्या बावीस जुड्या होत्या. पालकाच्या चौदा. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, लहान पेंड्या अठ्ठावीस, पाणी मारून एकावर एक रचलेल्या. एका टोपल्यात ढेमसं, दुसऱ्यात हिरवी मिरची, मिरचीवर ओलं बारदान. लोखंडी काटा एक, वजनं चार. आणि या सगळ्याच्या कडेला, पालथ्या घातलेल्या क्रेटवर, गुडघे जवळ घेऊन बसलेल्या रागिणी मॅडम.

"हं, मावशी. आता तुम्ही सांगा मला. पहिली अट काय?"

शकुनने आधी समोरच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत मेथी कोंबली आणि मग हात पदराला पुसले.

"घर बदलवाचं नाई. बदलवलं तं तुमाले सांगाव."

"दुसरी?"

"जिल्ह्याच्या बाहीर जाचं असन तं इचारून जाव."

"तिसरी?"

"दारू प्याची नाई."

शकुनच्या उजवीकडे साधना बसायची. तिशीची, तोंडाची फटकळ. ती वांगी पुसता पुसता थांबली. "काय व काकू, मंग आता तुयं संध्याकाळी कसं होईन?"

सगळी ओळ हसली. डावीकडची चतुराबाई तर इतकी हसली की तिला ठसका लागला आणि शकुनला तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. मॅडमही हसल्या. "ती छापील अट असते हो. सगळ्यांनाच घालतात. चौथी?"

शकुनने मान खाली घातली. "भांडण कराचं नाई. शांततेनं राहाव."

ही चौथी अट तेवढी तिच्यासाठी होती. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या या गल्लीत, मोर्णेचा पूल उतरून आलं की लागणाऱ्या भाजीवाल्यांच्या ओळीत, दीड वर्षामागे अतिक्रमणवाल्यांची गाडी आली होती. गाडीवरच्या एका माणसाने चतुराबाईचा तराजू उचलला. शकुनने तो त्याच्या हातातून हिसकला. ओढाताणीत एक पारडं साखळीसकट उडालं आणि त्या माणसाच्या भुवईवर बसलं. चार टाके पडले. सरकारी कामात अडथळा आणि मारहाण, असा खटला झाला. शकुनने कोर्टात सगळं कबूल केलं. लागलं तर होतंच, नाही कसं म्हणायचं? पहिलाच गुन्हा, वय बावन्न, हे पाहून न्यायाधीशांनी तिला तुरुंगात न पाठवता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं आणि परिवीक्षा अधिकारी रागिणी मॅडमच्या देखरेखीखाली ठेवलं. बाँडवर तिच्या अंगठ्याशेजारी किराणावाल्या खुशालरावांची जामीनदार म्हणून सही होती.

मॅडम अमरावतीच्या. नोकरीला लागून त्यांना वर्षही झालं नव्हतं. ऑफिसात बोलावून अटी वाचून दाखवल्या की लोक नुसती मान हलवतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्या जिथे माणूस असेल तिथे जाऊन बसत आणि त्याच्याच तोंडून अटी वदवून घेत.

"मॅडम, एक इचारू का?" शकुन म्हणाली. "इथी बसनं हाच गुन्हा नाई का? रस्ताच हाये हा."

मॅडमनी जरा विचार केला. "बसण्याला दंड आहे, तुरुंग नाही. दंड झाला तर भरायचा."

"अन् गाडी आली तं?"

"आली तर उठायचं नाही, पळायचं नाही, ओरडायचं नाही. माल नेतील, नेऊ द्यायचा. पण कोणाला नुसता धक्का जरी लागला ना मावशी, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. कोर्ट बाँड रद्द करेल आणि त्या जुन्या गुन्ह्याची शिक्षा देईल. आत जावं लागेल."

शकुनची नजर डावीकडे गेली. "अन् माल दुसऱ्याचा असन तं?"

"कोणाचाही असो. तुम्ही कशालाच हात लावायचा नाही." मॅडम उठल्या, ओढणी झटकली. "हात असे मांडीखाली घेऊन बसायचं, बस्स."

त्या हसत म्हणाल्या होत्या. शकुनने ती पाचवी अट धरली.

ओळीचा स्वतःचा एक नियम होता. गाडी येतेय असं पुलाकडून कोणी ओरडलं की आपल्या मालाला हात घालायचा नाही, आधी डावीकडच्या बाईचा काटा उचलायचा. भाजीचं काय, उद्या दुसरी येते. काटा गेला की दुकान गेलं. आणि बाई आपल्याच पसाऱ्यात अडकली की तिला काय वाचवावं ते सुचत नाही, हे जुन्या बायांनी पाहून ठेवलं होतं. म्हणून साधनाच्या हातात शकुनचा काटा, शकुनच्या हातात चतुराबाईचा, चतुराबाई ओळीच्या टोकाला, तिच्या डावीकडे नाली. शकुनची सासू गोदाबाई याच जागेवर तीस वर्षं बसली. तिच्यामागे शकुन. या जागेला कागद नव्हता. एका बाजूची म्हणते ही शकुनची जागा, दुसऱ्या बाजूची म्हणते ही शकुनची जागा, एवढ्यावर ती शकुनची होती. कोणी आजारी पडली, कोणी लग्नाला गेली तर शेजारणी बारदान टाकून वीट ठेवत आणि महिनाभर ती जागा तशी राही.

गाडी आली ती गुरुवारी, ऐन सकाळच्या गर्दीत.

"गाडी! गाडी आली व!"

ओळ एका झटक्यात उठली. साधनाने शकुनचा काटा वजनांसकट ओच्यात टाकला आणि ती गल्लीच्या तोंडाशी धावली. शकुनने हात मांडीखाली घेतले.

चतुराबाईने सवयीने अंग मागे घेतलं होतं, शकुनला तराजूपर्यंत वाकायला जागा व्हावी म्हणून. सत्तरीची बाई, कमरेत वाकलेली, उठायला तिला भिंत लागायची. ती थांबली. मग तिने मान वळवली.

"शकुन. शकुन व, काटा."

शकुन समोरच्या मेथीकडे पाहत राहिली.

"आयकू नाई येत का तुले? काटा घे ना माय!"

गाडीवरून तिघं उतरले. त्यात तो होता, भुवईवर पांढरी रेघ असलेला धर्मेंद्र. खटल्याच्या तारखेला कोर्टात तिने त्याचं नाव ऐकलं होतं. तो शकुनसमोर आला आणि क्षणभर थबकला, एक पाऊल मागेही गेला. शकुन हलत नाही हे पाहून चतुराबाईकडे वळला आणि तराजूला हात घातला. तोवर म्हातारीने साखळी धरली होती.

"सोड व माय. पडशीन."

"नाई सोडत. माया नवऱ्यानं घेतला हाये थो."

"सोड म्हनलं ना. मले का हौस हाये? वरून सायब पाहून रायला."

त्याने ओढलंही नाही. साखळी तिच्या हातातून सुटली एवढंच, आणि ती मागे गेली, नालीच्या काठावर. आवाज फार मोठा झाला नाही. नारळ गोणीत टाकावा तसा. नंतर मात्र चतुराबाई ओरडली आणि ते ओरडणं थांबेना.

धर्मेंद्रने तराजू टाकला. गुडघ्यावर बसून तिच्या खांद्याखाली हात घातला. वजन एकट्याला पेलेना. त्याने वर पाहिलं. सगळ्यांत जवळ शकुन होती, दोन हातांवर.

"अवो बाई, इकडून धरा ना उलीसं!"

मॅडम म्हणाल्या होत्या कशालाच नाही. हा माणूस समोर होता, तोच. आता हात काढला आणि त्याच्या हाताला लागला तर? भुवईवरची रेघ घामाने चमकत होती. शकुनच्या मांडीखालच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. तिने ती आणखी आत दाबली.

"बाई!"

मग गाडीचा ड्रायव्हर उतरला आणि त्या दोघांनी म्हातारीला उचलून ऑटोत घातलं. तराजू कोणीतरी गाडीत टाकला.

ओळ परत आली. साधना आली, उभ्यानेच तिने सगळं पाहिलं, नालीच्या काठावर चतुराबाईची एक चप्पल होती ती उचलली. ओच्यातून शकुनचा काटा काढला, चारही वजनं काढली आणि शकुनच्या फडक्यावर नीट ठेवली.

"साधना, मले मॅडमनं सांगतलं होतं..."

साधना वांगी पुसू लागली.

रात्री नवऱ्याला, किसनरावांना, हे सांगायची गरज पडली नाही. पातूर रोडला ठोक्याने कसायला घेतलेल्या वावरातून येता येताच त्यांना तिघांनी सांगितलं होतं. त्यांनी हात धुतले, ताटावर बसले, पहिला घास घेतला.

"बरं केलं," ते म्हणाले. "खुशालरावाची सही हाये त्याच्यावर. आपल्या पायी त्याले कोर्टात उभं कराचं का?"

शकुनने भाकर वाढली. किसनरावांनी ती मोडली आणि मोडूनच ठेवली.

"माया मायनं असं नसतं केलं."

"मालूम हाये."

"पन तिच्यावर कोर्ट नोतं," असं म्हणून त्यांनी ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून शकुनचं गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, बाकी सगळं थांबलं. सुटे मागितले की साधना म्हणायची, नाहीत. मुतारीला जायचं तर दुकानाकडे पाहणारं कोणी नाही. शकुन पाणी पिणं कमी करू लागली. चहाचे ग्लास ओळीतून हातोहात पुढे जायचे, तिच्यापाशी आले की वरून जायचे. कोणी भांडलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर तिने ऐकून घेतल्या असत्या. पण सगळ्या जणी शांततेनं राहत होत्या. चतुराबाईच्या जागेवर साधनाने बारदान टाकलं, दोन्ही टोकांना विटा ठेवल्या आणि रोज सकाळी ती स्वतःच्या आधी ते बारदान झटकू लागली.

शकुन अतिक्रमणवाल्यांकडे तराजू सोडवायला दोनदा गेली. तिथल्या ढिगात तो सापडला नाही.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती मॅडमच्या ऑफिसात हजर झाली. मॅडमना बातमी कळली होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मावशी, मला तुमचं खरंच कौतुक वाटलं. तोच माणूस समोर होता, तरी तुम्ही जागच्या हलला नाहीत. असंच राहिलं ना, तर दोन वर्षांनी तुमच्या नावावर काही राहणार नाही."

"मॅडम, मले अमरावतीले जाचं हाये. चतुरामायचं खुब्याचं ऑपरेशन झालं. लेकीपाशी नेलं तिले."

"जा ना. दोन दिवस जाऊन या. मी नोंद करते." मॅडमनी लिहिलं. लिहिता लिहिता विचारलं, "फार लागलं का हो त्यांना? उचललं कोणी?"

"त्यानंच उचललं. धर्मेंद्रनं. मले म्हने धरा. म्या नाई धरलं."

"का?"

शकुनला प्रश्नच कळला नाही. "तुमी म्हनल्या ना, कायलेच हात लावाचा नाई."

मॅडमचा हात थांबला. "अहो, ते मालाला. वस्तूला. पडलेल्या माणसाला उचलायला कोण नाही म्हणेल? तो कुठे गुन्हा आहे?"

"नाई का?"

"नाही हो मावशी."

पंखा फिरत होता. मॅडमनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "मी तेव्हा नीट सांगायला हवं होतं," असं त्या म्हणाल्या, पण शकुन तेव्हा टेबलाच्या कडेवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे पाहत होती.

"मंग म्या उचलली असती तं चाललं असतं," ती म्हणाली.



अमरावतीला चतुराबाईची लेक सुभद्रा दोन खोल्यांच्या घरात राहत होती. दार तिनेच उघडलं. आत ये म्हणाली नाही, बाजूला झाली. शकुनने आणलेली मेथीची जुडी आणि ढेमसं तिने घेऊन कोपऱ्यात ठेवली. पाण्याचा तांब्या आणून दिला.

चतुराबाई लोखंडी खाटेवर होती. इतकी लहान दिसत होती की पांघरुणाखाली पाय कुठे संपतात ते शोधावं लागे.

"कोन? शकुन होय? बस. बाजार कसा हाये?"

"बरा हाये, चतुरामाय."

"मेथी उतरली असन आता."

"उतरली. कोनी पुसत नाई."

"सांभार?"

"सांभारही तसाच."

"अन् मायी जागा?"

"हाये. साधनानं बारदान टाकलं. रोज झटकते."

म्हातारी हसली. "पोट्टी तोंडानं वाईट हाये, हातानं नाई." मग म्हणाली, "डाक्टर म्हने आता मांडी घालून बसता नाई येनार. खुर्चीवर बसजो म्हने. खुर्चीवर बसून मी का भाजी इकू? कलेक्टर हावो का मी?"

शकुनला हसू आलं नाही. तिने वाटभर जुळवलेलं वाक्य काढलं. "चतुरामाय, मले वाटलं होतं मानसालेही हात लावाचा नाई. मॅडमनं कायलेच नाई म्हनलं होतं, मी तसंच धरलं. आता थ्या म्हनते, उचललं असतं तं काई झालं नसतं."

चतुराबाई आढ्याकडे पाहत होती. बाहेर सुभद्रा भांडी घासत होती, ती घासायची थांबली.

"पयले कोनाले इचारून लावत होती व हात?"

शकुनने हात पदराखाली घेतले.

"तुले राग आला असन मायावाला."

"राग कायचा. पडली मी, बसली तू. झालं." तिने कूस बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा नुसता चेहरा भिंतीकडे वळवला. "जाय आता. गाडी भेटाव तुले. जिल्ह्याच्या बाहीर हायेस ना तू?"

शकुन उठली. पाया पडावं म्हणून वाकली, पण पांघरुणाला हात लावावा की नाही, ते तिला ठरवता येईना. ती तशीच सरळ झाली.

बडनेऱ्याहून पॅसेंजर मिळाली. खिडकीबाहेर तुरी कापून ठेवलेली वावरं मागे जात होती. शकुन मनात अटी म्हणत होती, पहिली, दुसरी, तिसरी. चौथीशी आली की ती परत पहिलीवर जायची.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर बाजारात गेली. किसनरावांनी रात्रीच उपटून ठेवलेली मेथी टोपल्यात होती, वर दहिवर होतं. पूल उतरून ती ओळीपाशी आली तेव्हा बहुतेक जणी बसल्या होत्या.

नालीच्या बाजूला चतुराबाईचं बारदान होतं. पूर्ण रुंदीचं, झटकलेलं, दोन्ही टोकांना विटा. त्याच्या उजवीकडे जवळजवळ लागूनच साधनाची ताडपत्री सुरू होत होती. साधनाच्या पलीकडची सरकली होती, तिच्या पलीकडचीही, अशी सगळी ओळच डावीकडे सरकून आली होती आणि पार त्या टोकाला एक नवीन हातगाडी लागली होती.

शकुन डोक्यावर टोपलं घेऊन उभी राहिली.

"साधना, सरक व उलीसं."

"कुठी सरकू?" साधना वर न पाहता म्हणाली. "तिकडे गाडी लागली."

"मायी जागा हाये ना इथी."

साधनाने वांग्याचा ढीग रचला, वरचं एक काढून परत ठेवलं. पलीकडच्या बाईला शकुनने विचारलं, "सांग ना व, कोनाची हाये?" पलीकडची सुटे मोजत राहिली.

ताडपत्रीचा कोपरा धरून ओढला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. दीड वर्षामागची शकुन तेच करती, आणि साधनानेही मग चार शिव्या देऊन जागा करून दिली असती, दुपारी चहाही पाजला असता. शकुनचे हात टोपल्याच्या काठावर होते. ते तिथेच राहिले.

बारदान रिकामं होतं. त्याच्यावर टोपलं ठेवलं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं, बहुधा. ती त्या बाजूला वळली आणि वळूनच थांबली.

गिऱ्हाइकं यायला लागली होती. एका बाईने तिला, मेथी कशी दिली, म्हणून विचारलं. शकुनने टोपलं मागे रस्त्यावर उतरवलं, पदर खोचला आणि बारदान आणि ताडपत्री यांच्या मधल्या फटीसमोर उकिडवी बसली. टोपल्याचं तोंड दीड हाताचं होतं. तिने उजवा पंजा जमिनीवर ताणून धरला, बारदानाच्या कडेपासून, आणि उरलेल्या जागेत डाव्या हाताची बोटं एकाला एक लावून ठेवली.

एक वीत आणि चार बोटं.